गोंबूचे पेले

"जीभ काढ. अजून काढ. निम्मी कुणासाठी ठेवलीस?"

खिडकीतून येणाऱ्या उजेडात गोंबूने मुलाची हनुवटी घट्ट धरली होती. मुलगा काही लहान नव्हता. खालच्या बाजारापासून वर खिंडीपर्यंत बर्फातून सुमो चालवणारा, मिश्या फुटून जुन्या झालेला जांबे आज सकाळीच बापापुढे जीभ काढून उभा होता.

"काळी दिसते का?" चुलीपाशी बसलेल्या त्याच्या आईने, केसांगने विचारलं.

"कडेला जराशी."

"सुपारी खाल्ली होती मी, आपा," जांबेने जीभ आत घेत म्हटलं.

"नखं दाखव."

नखांत गाडीचं ऑइल होतं. त्यावरून काय समजायचं ते गोंबूला कळेना. त्याने मुलाच्या पोटावर हात ठेवून दाबून पाहिलं. रात्री जांबेला दोनदा उलटी झाली होती. नव्या वर्षाचा सण, लोसार, चार दिवसांवर आला होता, घरोघर डुकराचं मटण आणि तळलेले खापसे होते, तेव्हा एखाद्या तरुणाला उलटी होणं यात नवल नव्हतं. नवल होतं ते केसांगने "काल जेवलास कुठे?" असं सहज विचारल्यावर मिळालेल्या उत्तरात.

"यांगझोमकडे," जांबे म्हणाला होता. आणि एकदा तोंड उघडलंच आहे तर सगळंच सांगून टाकावं म्हणून पुढे म्हणाला, "मक्याची कणसं उतरवली तेव्हापासून जातोय. नाचणीची छांगही पितो तिथे. मला तिच्या रिंचिनशी लग्न करायचंय."

केसांगच्या हातातली पळी राखेत पडली ती तिने अजून उचलली नव्हती.

यांगझोमचं घर विषाचं होतं. हे गावात कुणी कुणाला शिकवत नसे, चालायला लागलेल्या पोराला आपोआप कळत असे. दुसऱ्या घरांत आईच्या कानातले डूल मुलीकडे जातात, तसं त्या घरात विष जायचं. विष देणारीचं तुमच्याशी वैर असायला हवं असंही नाही. उलट धडधाकट, नशिबाचा पाहुणा बघून ती त्याच्याच छांगमध्ये नखाने चिमूटभर सोडायची, म्हणजे तो मेला की त्याचं नशीब तिच्या घरी राहायला येई. आणि या विषाला घाई नसते. एका रात्रीत मारेल, नाहीतर वर्षभर थांबेल. इतक्यांचं नशीब गोळा करूनही यांगझोमच्या छपराचे पत्रे गंजलेले का आणि तिचा नवरा दरड कोसळून मेला कसा, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं.

गोंबूचा धाकटा भाऊ थुतन मित्रांशी पैज लावून तिच्या दारी लोसारची छांग प्यायला होता. लोसार संपायच्या आत तो गेला. त्याआधीच्या पानगळीपासूनच त्याचे डोळे पिवळे होते, पण पिवळ्या डोळ्यांवर राग धरता येत नाही. यांगझोमवर धरता येत होता, आणि गोंबूने तो आजवर जपून धरला होता.

"वर्षभर तुझ्याकडे बघत बसायचं आता आम्ही," तो म्हणाला.

"बघा की. नाहीतरी तुम्ही दुसरं काय करता? या गावात माणूस माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, पेल्याकडे बघतो."

हे बापाच्या वर्मी लागावं म्हणूनच बोललेलं होतं, आणि लागलंही.

कारण गोंबू पेले करायचा. ओक आणि मेपलच्या झाडांवर टेंगळासारख्या गाठी येतात. त्या तो जंगलातून आणायचा, वर्ष-दीड वर्ष माळ्यावर सुकवायचा, पायाने चालवायच्या लेथवर कातायचा आणि लाखेचे हात देऊन त्यांचे असे पेले करायचा की हातात घेतल्यावर खाली ठेवू नयेसे वाटत. पण लोक ते देखणेपणासाठी घेत नसत. गोंबूच्या पेल्यात विष पडलं की पेला तडकतो, म्हणून घेत. ट्रकवाले घेत, गोंपातले लामा घेत. नवी सून माहेरून येताना एक घेऊन येई आणि दुसऱ्याच दिवसापासून सासूसमोर त्यातच चहा पिई.

ही कीर्ती त्याच्या बापाची. गोंबू लहान असताना गावात गुरं पटापट मेली, मग माणसंही मरू लागली, तेव्हा बापाने केलेला एक पेला यांगझोमच्या आईच्या दारात नेऊन सगळ्या गावासमोर तिची छांग त्यात ओतली होती. पेला काठापासून तळापर्यंत उभा तडकला होता. त्या दिवसापासून ते घर विषाचं झालं आणि हे घर पेल्याचं.

एक गोष्ट मात्र गोंबूच्या मनात कुसळासारखी राहिली होती. बापाच्या कमरेच्या पट्ट्यात गावातला सगळ्यात चांगला पेला असे. तरी तो यांगझोमच्या आईच्या दारावरून कधी जात नसे. वाट लांबची पडली तरी ओढ्याकडून वळसा घाली. विष कळणारा पेला जवळ असताना माणसाने इतकं का भ्यावं? गोंबूने ते कधी विचारलं नाही, आणि मग बापच राहिला नाही.

त्याच दिवशी दुपारच्या आत तो यांगझोमकडे गेला. ती दाराशी बसून नाचणीची छांग गाळत होती. तिची मुलगी रिंचिन त्याला पाहताच उठली, तिने आतून गालिचा आणून अंथरला आणि काही न बोलता गोठ्याकडे निघून गेली.

"ये आचो. वाट चुकलास का?" यांगझोम म्हणाली.

"बसायला नाही आलो."

"बसायला कोणीच येत नाही. बस."

तो गालिच्याच्या कडेवर टेकला. तिने लोणी घालून गरम केलेली छांग पेल्यात ओतली, त्याच्याकडे बघत त्याच पेल्यातून एक घोट स्वतः घेतला, बाहीने काठ पुसला आणि पेला त्याच्यापुढे ठेवला. हे सगळं तिने इतक्या सवयीने केलं की दुसऱ्या घरी छांग वाढण्याची अशी रीत नाही, हेच ती विसरून गेली असावी. गोंबूने तिची नखं पाहिली. आखूड कापलेली होती. त्याला वाटलं, आजच कापली असतील.

"पोट बरं नाही," तो म्हणाला.

"माझ्या दारात आलं की या गावाची पोटं बिघडतात. न पिताच." ती हसली नाही. "बोल, काय काम काढलंस?"

"माझ्या पोराला सोड."

"मी धरलाय का? तो स्वतःच्या पायाने येतो. दमला की गाडीने येतो."

"यांगझोम, एक भाऊ दिलाय मी तुझ्या घराला. पोरगा नाही देणार."

ती गाळायची थांबली. हातातलं फडकं पिळून तिने त्याची नीट घडी करून ठेवली.

"तुझ्या पेल्यात विष कळतं ना?" तिने विचारलं.

"कळतं." गिऱ्हाइकाला द्यायचं उत्तर त्याच्या तोंडून आपोआप निघून गेलं.

"मग भांडायचं कशाला? लोसारच्या तिसऱ्या दिवशी पताका चढवून झाल्या की गाव इथे आण. गावच्या मुखियाला, मेमे फुंचोला आण. पेला तुझा, छांग माझी. तडकला, तर रिंचिनला घेऊन मी गाव सोडते. नाही तडकला, तर सगळ्यांसमोर तू ती छांग प्यायची आणि पोरांचं ठरवून टाकायचं."

नको म्हणावं तर आपलेच पेले खोटे ठरतात, हो म्हणावं तर पोरगा पणाला लागतो. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. आणि ही बाई इतकी निवांत कशी? हिच्या मनात काहीतरी आहे. जिला गावाने आयुष्यभर दाराबाहेर ठेवलं, ती आपण होऊन गाव दारात बोलावते, ते उगाच नसणार.

"ठीक आहे," तो म्हणाला. त्याच्यापुढचा पेला तसाच निवत राहिला.

घरी केसांगने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो, तुम्हाला बाईने खिशात घातलं. त्या दिवशी ती विष घालेल कशाला? साधी छांग देईल. पेला गप्प बसेल, आणि आपण पोरगं तिच्या पदरात टाकून घरी येऊ."

हे गोंबूच्या ध्यानातच आलं नव्हतं. तो लेथपाशी जाऊन बसला. केसांग मागोमाग आली. तिने दार लोटून घेतलं.

"पेला गप्प बसणार असेल, तर त्याला बोलतं करा," ती हळूच म्हणाली.

"म्हणजे?"

"तुमच्यासोबत इतकी वर्षं लाकडाची भुकटी खाल्ली मी. ओल्या गाठीचा पेला गरम छांगेत काय करतो, मला माहीत नाही होय?"

गोंबूलाही ते माहीत होतं. ओली गाठ पातळ कातायची, एक रात्र चुलीच्या धगीला ठेवायची, वरून लाखेचा हात फिरवायचा. दिसायला नवरीसारखा दिसतो. गरम काही पडलं की तडकतो, मुका बोलायला लागतो.

"ते पाप होईल," तो म्हणाला.

"तिने विष द्यायचं ते पाप नाही? माझा एकच आहे जांबे. मी पापपुण्य बघत बसू की त्याला बघू?" ती डोळे पुसू लागली. ही बाई सहसा रडत नसे, म्हणून गोंबूला ते जास्त लागलं.

त्याने ओली गाठ उतरवली. कातताना ती लेथवर लोण्यासारखी सोलत होती, हाताला गार लागत होती. एवढं वाईट काम इतकं सोपं होतं याची त्याला चीड आली. पेला झाला, रात्रभर चुलीशी राहिला. सकाळी त्याने लाख लावली.

लोसारच्या आदल्या दिवशी गावबुढा फुंचो आला. गावाचा सर्वांत म्हातारा माणूस, गावबुढ्याचा लाल कोट मळून तपकिरी झाला तरी अंगावरून न काढणारा. त्याच्या पेल्याला आतून चांदीचा पत्रा होता. तो सणासाठी घासून हवा होता. गोंबू घासत असताना म्हातारा लेथवर ठेवलेल्या नव्या पेल्याकडे बघत होता. मग त्याने तो उचलला, नाकाशी नेला, आणि डोळे बारीक केले.

"हाच का तिसऱ्या दिवशीचा?"

गोंबू चांदी घासत राहिला.

"तुझ्या बापाच्या त्या पेल्यालाही असाच वास होता," फुंचो म्हणाला आणि पेला जपून खाली ठेवला.

"काय म्हणालात, मेमे?"

"काही नाही. जुनी गोष्ट. मीच धरला होता तेव्हा पेला यांगझोमच्या आईसमोर. बोटांना गार लागला म्हणून ओला आहे ते कळलं मला." म्हातारा सहज बोलत होता, जणू कुणाच्या गायीची गोष्ट सांगतोय. "गुरं मरत होती, पोरं मरत होती. लोक एकमेकांवर कोयते काढायला आले होते. कोणीतरी सापडायलाच हवं होतं. ती बाई एकटी, नवरा तिबेटातून पळून आलेला, नात्यागोत्याचं कोणी नाही. एका घराचं वाईट झालं, पण गाव वाचलं की नाही?"

"ते घर विषाचं नव्हतं?"

"आता आहे ना?" फुंचो म्हणाला. "इतकी वर्षं सगळे म्हणतात म्हणजे असेलच. थुतन नाही का गेला तुझा?" त्याने आपला चकचकीत पेला कोटाच्या घडीत सरकवला. "तू बापाचं नाव राखतोयस. चांगलं आहे."

तो गेल्यावर गोंबू लेथचा पायटा न दाबता बसून राहिला. बाप ओढ्याकडून वळसा का घालायचा ते त्याला आता कळलं. बाप विषाला भीत नव्हता. त्या बाईची नजर चुकवत होता. ज्या कीर्तीवर आपण घर बांधलं, पोर वाढवलं, ती एका ओल्या लाकडाची होती. त्याला बापाचा राग आला, लाज वाटली, आणि तरीही मनाच्या तळाशी संशय उरलाच: फुंचो खोटं बोलत असेल तर? थुतन तर खरोखर गेला. जांबेला खरोखर उलटी झाली. संशय एकदा घरात शिरला की पाहुण्यासारखा जात नाही, घरच्यासारखा राहतो.

तिसऱ्या दिवशी पताका चढल्या. धुपीचा धूर घरांवर तरंगत होता, सगळ्यांनी नवे कपडे घातले होते, आणि सगळं गाव यांगझोमच्या अंगणात उभं होतं. आत मात्र कुणी पाऊल टाकलं नव्हतं. बायकांनी पोरांचे हात घट्ट धरले होते. रिंचिन छांगची किटली घेऊन उभी होती आणि तिच्यापासून चार हातांवर जांबे. दोघं एकमेकांकडे बघायचं टाळत होती. त्यावरूनच सगळं कळत होतं.

गोंबूच्या कोटाच्या घडीत दोन पेले होते. उजवीकडे ओला, डावीकडे माळ्यावर दोन हिवाळे सुकलेल्या गाठीचा. त्याने घरातून निघताना दोन्ही का घेतले हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. केसांगला फक्त उजवीकडचा माहीत होता.

"काढ," फुंचो म्हणाला.

गोंबूने हात आत घातला. लाल कोटातला म्हातारा आणि त्याच्या मागचं सगळं गाव मान पुढे काढून वाट बघत होतं. पेला तडकतो का, हे बघायला त्यातलं कुणी आलेलं नव्हतं. तडकलेला बघायला आले होते. त्याला वाटलं, आपला बाप इथेच उभा होता. त्यालाही पोरगा होता.

त्याने डावीकडचा पेला काढला. केसांगने रंग ओळखला, आणि तिच्या तोंडून बारीक हुंकार निघाला.

रिंचिन किटली घेऊन पुढे झाली, तेवढ्यात यांगझोमने हात आडवा केला.

"थांब. आधी पाणी."

"पाणी कशाला?" फुंचोने विचारलं.

"उकळतं पाणी. माझ्या चुलीवरचं नको, तुमच्या घरचं आणवा, मेमे. आधी ते ओता. पाण्यानेच पेला तडकला तर मग माझ्या छांगेला बोल नको." ती गोंबूकडे वळली. "माझ्या आईच्या वेळी हे कुणाला सुचलं नव्हतं. ती मरेपर्यंत एकच बडबडायची, की आधी पाणी ओतायला सांगायला हवं होतं."

म्हणजे ओल्या पेल्याचं हिला आधीपासून माहीत होतं. आपल्यावर हिचा संशय होता, आपला हिच्यावर होता त्याहून जुना आणि त्याहून खरा.

फुंचोच्या सुनेने थर्मास भरून आणला. पाणी ओतलं. पेल्यातून वाफ निघाली. पेला जसाच्या तसा. ते पाणी सांडून रिंचिनने छांग ओतली. थोडी बर्फावर सांडली आणि जवळच्या बायका मागे सरकल्या. सगळे वाकून बघत राहिले. लोणी वर तरंगत होतं. कुणीतरी खोकलं. पेला हूं की चूं करेना.

"झालं?" यांगझोम म्हणाली.

"थांबा जरा," फुंचो म्हणाला.

थांबले. छांगवर साय धरू लागली. मग फुंचोने पेला गोंबूच्या हातून घेतला, बाहेरून फिरवून पाहिला, बोट लावून पाहिलं, पण आत नाक नेलं नाही.

"कोरडा आहे," तो गोंबूला म्हणाला. इतकं हळू की दोघांनाच ऐकू आलं.

"कोरडाच असायला हवा," गोंबू म्हणाला.

"पेल्यात जीव असतो तेव्हा तो बोलतो," फुंचोने आता सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "हा मेलेला पेला आहे."

"विहिणीच्या घरी पेला कशाला बोलेल?" मागून कोणीतरी म्हटलं आणि काहीजण हसले. "पोरगा तर मक्यापासून पितोय. बापालाही पाजली असेल."

गोंबूने पेला परत घेतला. इतकी वर्षं तो गिऱ्हाइकांना जे सांगत आला होता तेच सांगून गप्प बसला असता, तरी चाललं असतं. पेला बोलला नाही, म्हणजे छांग चांगली, एवढं पुरे होतं. पण यांगझोम आपल्या गंजक्या पत्र्याखाली ताठ उभी होती, आणि तिच्याकडे बघून त्याला ते पुरेसं वाटेना.

"कोणताच पेला बोलत नाही," तो म्हणाला. "माझा नाही, बापाचाही नाही. बापाचा त्या दिवशीचा पेला ओल्या लाकडाचा होता. या दारात तो विषाने तडकला नाही."

यांगझोम पायरीवर बसली. रिंचिनने किटली खाली ठेवून तिला धरलं. ती कुणाकडे बघत नव्हती. नुसती दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून बसून राहिली.

"मेलेल्या बापावर बोट दाखवतो," फुंचो लोकांना म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, कीव होती. "डोक्यात गेलंय याच्या. विष असंही चढतं."

गोंबूने पेला तोंडाला लावला. छांग निवली होती. आंबटगोड, घट्ट, नाचणीचा खमंग वास असलेली. इतकी चांगली छांग गावात दुसऱ्या कुठल्या घरी होत नाही, आणि ती या घरापलीकडे जांबेशिवाय कुणाला माहीत नाही, हे मनात येऊन त्याला वाईट वाटलं. तो ती तळापर्यंत प्यायला. मग कोटातून शुभकार्याचा पांढरा रेशमी खादा काढून रिंचिनच्या गळ्यात घातला. जांबेने खाली बघत नाक पुसलं.

बाकीचे तोवर निघाले होते. कुणाची मेंढी सुटली होती, कुणाला वर ढग दिसत होते. केसांग सगळ्यांत शेवटी निघाली. वाटेत ती एकच वाक्य बोलली.

"पोटात काही होतंय का?"

"भूक लागलीय," गोंबू म्हणाला.

घरी कोट काढताना घडीतला ओला पेला हाताला लागला. अंगाच्या उबेने तो काठापासून तळापर्यंत तडकला होता. कुणी त्यात थेंबही ओतला नव्हता. गोंबूने तो केसांगला दाखवला. तिने तो बराच वेळ हातात फिरवला, चिरेतून बोट आत-बाहेर केलं, आणि चुलीत सारला. ओला असल्याने तो धुमसत राहिला.

त्या रात्री बर्फ पडलं. सकाळी गोंबूने दार उघडलं तेव्हा पावलांच्या खुणाही बुजल्या होत्या. लोसारात त्याच्या घरी सकाळपासून माणसं येत. मुलींच्या ओट्या भरायच्या असत, म्हाताऱ्यांना छांग, पोरांना खापसे. आज वाटेवर कोणी नव्हतं. पण अंगणाच्या दगडी गडग्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पेले मांडून ठेवले होते.

सगळे त्याचेच. काही बापाचे, काठ झिजलेले. त्याला एकेक ओळखू येत होता: कुणाच्या लग्नात दिलेला, कुणाचा मुलगा फौजेत जाताना घेतलेला, शेजारणीने सासूच्या धाकाने घेतलेला. कुणी आवाज केला नव्हता, कुणी दार वाजवलं नव्हतं, रागाने एकही फोडला नव्हता. नीट ओळीत ठेवून गेले होते. प्रत्येकात बर्फ भरलं होतं.

शेवटचा फुंचोचा होता. त्यातली चांदी काढून घेतली होती.

गोंबूने तो उचलून आतलं बर्फ झटकलं. चांदीच्या बारीक खिळ्यांची भोकं काठाला दिसत होती. पत्र्याखालच्या लाकडाला इतकी वर्षं कुणाचा हात लागला नव्हता. ते नुकतं कातल्यासारखं पिवळट होतं, आणि गाठीतल्या रेषा तळाशी गोल फिरत फिरत एका ठिकाणी मिटल्या होत्या. तरुणपणी केलेलं काम. त्याने अंगठा फिरवून पाहिलं. कुठे खरखर नव्हती.

मागे केसांग येऊन उभी राहिली होती. तिने गडग्याकडे पाहिलं, मग वाटेकडे.

"आता तुमचे पेले कोण घेणार?" ती म्हणाली.

"माहीत नाही."

मग नव्या झग्याचा ओचा पसरून तिने गडग्याच्या दुसऱ्या टोकापासून पेले उचलायला सुरुवात केली, एकेकातलं बर्फ झाडून, एकावर एक न आपटता. गोंबू या टोकाकडून उचलू लागला. हात गारठले तसे दोघं मध्येच थांबून फुंकर घालत होती. सगळे आत नेऊन झाल्यावर केसांगने खापशांचं ताट भरलं, छांग गरम करायला ठेवली, आणि लोसार अजून संपला नव्हता म्हणून दार उघडंच ठेवलं.